विद्यापीठाच्या आवारात ड्रोन: कोल्हापुरातील एका चित्रीकरण सेवेचा अनुभव

गेल्या डिसेंबरात आमच्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांचा दोन दिवसांचा मेळावा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात झाला. त्याच्या चित्रीकरणाचे, विशेषतः आकाशातून करायच्या चित्रीकरणाचे काम, आम्ही राजारामपुरीतील दोन भावांच्या एका छोट्या सेवेकडे दिले होते. मुख्य इमारत, तिच्यासमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, बागेतून तळ्याकडे जाणारा रस्ता आणि आमचा विभाग हे सगळे ड्रोनच्या नजरेतून एकदा पाहावे, अशी अमेरिकेपासून आजऱ्यापर्यंत विखुरलेल्या आमच्या वर्गबंधूंची इच्छा होती. प्रत्यक्षात विद्यापीठाच्या आवारात ड्रोन जमिनीवरून एक फूटभरही उचलला गेला नाही. तरीही मी या सेवेला चांगले गुण देणार आहे. तिचे नाव मात्र येथे देत नाही, कारण पुढे दोन-तीन तक्रारीही आहेत आणि आपले शहर एवढे लहान आहे की तक्रार लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिली तो, दोघेही संध्याकाळी रंकाळ्यावर समोरासमोर येतात.

या भावांकडे जाण्यापूर्वी आम्ही आणखी एका व्यावसायिकाशी फोनवर बोललो होतो. त्याने दोन मिनिटांत सात हजार रुपये सांगितले. परवानगीचे काय, असे विचारल्यावर त्याचे उत्तर होते, "त्याचं टेन्शन घेऊ नका सर, आपला ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, त्याला काही लागत नाही." हे वाक्य मी त्यानंतर निदान चार जणांकडून ऐकले असेन, आणि त्यात खोटेपणापेक्षा अर्धवट माहिती अधिक आहे, म्हणून ते थोडे उलगडून पाहणे आवश्यक वाटते. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत वजनानुसार पाच वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावरील दोन किलोपर्यंतचा मायक्रो, दोन ते पंचवीस किलोंचा स्मॉल, आणि त्यापुढे मीडियम व लार्ज. नॅनो ड्रोनला टाइप सर्टिफिकेट (म्हणजे ड्रोनच्या त्या मॉडेलला मिळालेले मान्यतेचे प्रमाणपत्र) आणि विम्यासारख्या काही अटींतून सूट आहे, ही गोष्ट खरी. परंतु कोणत्या आकाशात उडवायचे, या प्रश्नात वजनाला कोणतीही सवलत नाही. आकाशाचा नकाशा अडीचशे ग्रॅमच्या खेळण्यालाही लागू होतो आणि पंचवीस किलोंच्या फवारणी ड्रोनलाही.

राजारामपुरीतील भावांपैकी थोरल्याने दर सांगण्यापूर्वी जवळजवळ अर्धा तास आम्हालाच प्रश्न विचारले. मेळाव्याच्या तारखा कोणत्या, त्या दिवसांत विद्यापीठात परीक्षा आहेत का, वसतिगृहे चित्रात येतील का, आवारात चित्रीकरण करण्यासाठी प्रशासनाचे लेखी पत्र कोण आणणार, कार्यक्रमाला पोलीस बंदोबस्त लागेल असा कोणी पाहुणा येणार आहे का. शेवटच्या प्रश्नाचे कारण मला तेव्हा कळले नाही. पुढे समजले की पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता रेड झोन, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता न येणारा भाग, घोषित करू शकतो, आणि मोठ्या पाहुण्यांच्या भेटीच्या वेळी असे होण्याची शक्यता असते. दर विचारायला गेलेल्या ग्राहकाला अशा प्रश्नांचा कंटाळा येतो, हे मी मान्य करतो. आमच्यापैकी एक जण तर मध्येच उठून चहा प्यायला गेला.

त्यानंतर धाकट्याने टॅबवर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडला. येथे या सेवेची खरी किंमत कळली, म्हणून या भागावर मी जरा रेंगाळतो.

हा नकाशा केंद्र सरकारने २४ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम प्रसिद्ध केला आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी तो पाहणे चालकावर बंधनकारक आहे, कारण त्यात बदल होत असतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरच्या पलीकडे, इतर निर्बंध नसतील तर, ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत ग्रीन झोन असतो आणि तेथे उड्डाणासाठी आगाऊ परवानगी लागत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. आठ किलोमीटरच्या आत मात्र ग्रीन झोन उरतच नाही. तेथे झोन यलो असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि रेड असेल तर थेट केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. आता कोल्हापूरचे भूगोलाचे गणित पाहा. उजळाईवाडीचा विमानतळ विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपासून सरळ रेषेत जेमतेम चार किलोमीटर आहे. रस्त्याने जाणाऱ्याला हे अंतर अधिक वाटते, कारण महामार्गाचा वळसा पडतो. ड्रोनला आणि विमानाला तो पडत नाही. अंबाबाईच्या मंदिरापासून रंकाळ्यापर्यंतचे जवळजवळ सगळे जुने शहरदेखील बारा किलोमीटरच्या आतच येते. त्यामुळे "कोल्हापुरात सगळीकडे उडवतात की" हे म्हणणे नियमाच्या बाजूने पुरावा म्हणून धरता येत नाही.

यातला धोका कागदी नाही, हे थोरल्याने एका वहीच्या पानावर आकृती काढून दाखवले. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर धावपट्टीकडे येते, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे बावन्न मीटर खाली येते. धावपट्टीच्या टोकापासून चार किलोमीटरवर त्याची उंची दोनशे मीटरच्या आसपास असते. त्या अंतरावर एखाद्याने ड्रोन १२० मीटरवर नेला, तर दोघांमधील उभे अंतर शंभर मीटरही राहत नाही. प्रत्येक विमान विद्यापीठाच्या डोक्यावरूनच जाते असे नाही, परंतु वाऱ्याने भरकटलेला किंवा सिग्नल तुटलेला ड्रोन कोणत्या दिशेला जाईल, हे कोणी आधी सांगू शकत नाही. मला स्वतःला या आकृतीने नकाशापेक्षा अधिक पटवले. आणखी एक गोष्ट त्या वेळी मनात आली. विमानतळ १९३९ मध्ये राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला आणि विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. शेजारी आधीपासूनचा आहे, तेव्हा सांभाळून घ्यायचे असेल तर ते नंतर आलेल्याने.

आमच्या गटात अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारा एक मित्र आहे. त्याने येथे एक चांगला मुद्दा काढला, आणि तो विद्यापीठांत काम करणाऱ्या वाचकांच्या उपयोगाचा असल्याने लिहून ठेवतो. ड्रोन नियमांत सरकारमान्य शैक्षणिक संस्थांना संशोधन, विकास आणि चाचणीसाठी मोठी सवलत आहे. टाइप सर्टिफिकेट, ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक, आगाऊ परवानगी आणि चालकाचे प्रमाणपत्र, या कशाचीही अशा कामासाठी गरज नाही. मित्राचे म्हणणे असे की विद्यापीठ ही मान्यताप्राप्त संस्था आहे, आवार तिचेच आहे, मग अडचण कोठे आहे? धाकट्या भावाने शांतपणे तेच कलम पुढे वाचून दाखवले. ही सवलत उड्डाण ग्रीन झोनमध्ये आणि संस्थेच्या स्वतःच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातील मोकळ्या जागेत होत असेल तरच मिळते. आवार आपले असले तरी ग्रीन झोनची अट येथे पूर्ण होत नाही. शिवाय माजी विद्यार्थ्यांचा मेळावा हे संशोधन आहे, असे कोणत्याही कुलसचिवाला पटवून देता आले नसते. मित्राने हसून हार मानली.

हीच अडचण स्पर्धांसाठी विमानांच्या प्रतिकृती तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांना येते. दूरनियंत्रणावर चालणारी, पंचवीस किलोंपर्यंतची, शिक्षण किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी प्रतिकृती नियमांत वेगळी ओळखली जाते आणि तिला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. परंतु आकाश तेच राहते आणि नकाशाही तोच. बाल्साच्या लाकडाचे विमान निरुपद्रवी दिसते, इतकेच.

या टप्प्यावर माझी पहिली तक्रार आहे. हा सगळा नकाशा आणि कलमे आम्हाला आगाऊ रक्कम भरल्यानंतर चौथ्या दिवशी दाखवली गेली. परवानगीचा अर्ज करायचा तर निदान दीड-दोन महिने हाताशी हवेत आणि तरीही ती मिळेलच असे नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितले; आमच्याकडे तीन आठवडे उरले होते. पहिल्या फोनवर "विद्यापीठ" हा शब्द ऐकताच एवढे सांगता आले असते. मी हे बोलून दाखवल्यावर थोरल्याने चूक कबूल केली आणि आवारातील ड्रोनसाठी धरलेले पाच हजार रुपये परत घ्या किंवा दुसऱ्या कामात वळवा, असा पर्याय दिला. आम्ही वळवले.

दुसरी जागा म्हणून साहजिकच पहिले नाव पन्हाळ्याचे निघाले. तो विमानतळापासून पुरेसा दूर आहे, पण केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने तेथे चित्रीकरणासाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांच्या यादीतून तो जागतिक वारशात गेल्यानंतर तर तेथे कोणी चालढकल चालवून घेईल, अशी आशा करण्यात अर्थ नव्हता. अखेर आमच्या वर्गातील एकाचे भोगावतीच्या बाजूला उसाचे शेत आणि गुऱ्हाळ आहे, ते ठरले. ही जागा बारा किलोमीटरच्या बाहेर, ग्रीन झोनमध्ये, मालकाच्या संमतीची. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळाचा ऐन हंगाम, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम तसाच तिकडे हलवला आणि जेवणाचा प्रश्नही सुटला.

विद्यापीठातील चित्रीकरण त्यांनी सुमारे तीस फुटांपर्यंत लांबणाऱ्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याने आणि विभागाच्या गच्चीवरून केले. खांब जमिनीवर तीन पायांवर उभा असतो, कॅमेरा खालून मोबाइलवर फिरवता येतो आणि त्याला कोणत्याही झोनचा प्रश्न येत नाही. मला याविषयी फार आशा नव्हती. प्रत्यक्षात अश्वारूढ पुतळ्यामागून मुख्य इमारत हळूहळू वर येते, तो प्रसंग इतका नेटका उतरला आहे की पाहणाऱ्या तिघांनी "ड्रोन कोणता?" असे विचारले. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वारा सुटला की खांब डोलतो आणि चित्र थरथरते. अकरा वाजल्यानंतरचे जवळजवळ सगळे तुकडे टाकून द्यावे लागले. आणि ८५३ एकरांच्या परिसराचा विस्तार तीस फुटांवरून दिसत नाही, तो नाहीच दिसला. तळ्याचा तर केवळ एक काठ आला.

मोरांविषयी वेगळे लिहावे लागेल. विद्यापीठाच्या आवारात मोर मोकळे फिरतात, हे कोल्हापुरात कोणाला सांगण्याची गरज नाही, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला ते चित्रात हवे होते. धाकट्या भावाने आधीच बजावले होते की परवानगी मिळाली असती, तरी मोरांच्या जवळ त्याने ड्रोन नेला नसता. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि पंख्यांच्या आवाजाने बिथरलेला पक्षी झाडीतून थेट रस्त्यावर येतो. खांबावरचा कॅमेरा मात्र आवाज करत नाही. सकाळी सातच्या सुमारास एक मोर त्या खांबाच्या पायाशी येऊन दाणे टिपत राहिला आणि वरून त्याची पाठ, तो निळा-हिरवा पट, जवळजवळ दोन मिनिटे चित्रित झाला. अख्ख्या चित्रफितीत एवढे एकच दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहतो.

गुऱ्हाळावरील उड्डाणाच्या आधी मी कागदपत्रे मागितली आणि त्यांनी कुरकुर न करता दाखवली. पैसे घेऊन उडवायचे म्हणजे व्यावसायिक वापर, त्यामुळे दोन किलोंपर्यंतच्या ड्रोनला घरगुती वापरासाठी असलेली प्रमाणपत्राची सूट येथे लागू होत नाही. धाकट्याकडे मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे रिमोट पायलट प्रमाणपत्र होते. ड्रोनवर ओळख क्रमांकाची पट्टी चिकटवलेली होती. तृतीय पक्ष विम्याची प्रत त्यांनी माझ्या फोनवर पाठवली. ड्रोन भारतीय बनावटीचा आणि टाइप सर्टिफिकेट असलेला होता. हा मुद्दा मी मुद्दाम लिहितो, कारण ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद वगळता. तरीही लग्नाच्या हंगामात बॅगेतून आलेले ड्रोन किती फिरत असतात, हे कोणत्याही कार्यालयाच्या दारात उभे राहिल्यावर दिसते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सात हजारांच्या दराशी तुलना करताना हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा.

उड्डाण व्यवस्थित झाले. उडवण्याच्या जागेवर नारिंगी चटई अंथरली, सभोवती दोरी लावून पोरांना मागे ठेवले, आणि शेताच्या बांधावरून गेलेल्या विजेच्या तारांची उंची पाहूनच परतीची उंची ठरवली; सिग्नल तुटला तर ड्रोन आपोआप त्या उंचीवर चढून माघारी येतो, ती तारांपेक्षा कमी असेल तर सुरक्षेसाठी केलेली सोयच अपघात घडवते. धाकटा भाऊ संपूर्ण वेळ ड्रोनकडे पाहत होता आणि पडद्याकडे थोरला. दुसऱ्या फेरीत एक घार ड्रोनभोवती घिरट्या घालू लागली. धाकट्याने चित्रीकरण तेथेच थांबवून ड्रोन खाली आणला आणि पंधरा मिनिटे गप्प बसला. आमच्यातल्या काहींना तेव्हा घाई झाली होती; मालक म्हणाला, "बसा की निवांत, तोवर काकवी घ्या." काहिलीतून उठणारी वाफ, भोवती उभे राहिलेले साठीच्या उंबरठ्यावरचे आमचे लोक आणि मागे उसाचा फड, असे दृश्य नंतर मिळाले ते त्या थांबण्यामुळे. तोवर ऊनही कलले होते.

आता उरलेल्या तक्रारी. चित्रफीत दहा दिवसांत देऊ असे सांगून ती एकतीस दिवसांनी मिळाली, आणि मधल्या काळात फोन उचलले गेले तरी तारीख कोणी दिली नाही. संकलन करताना रंग इतके वाढवले होते की ऊस प्लास्टिकचा वाटावा. तो भाग परत करून घेतला. आवाज तर जवळजवळ नाहीच. गुऱ्हाळावर आमच्या सरांनी दहा मिनिटे केलेले बोलणे पार्श्वसंगीताखाली दाबले गेले होते आणि मूळ ध्वनी वेगळा नोंदवलेलाच नव्हता, त्यामुळे ते आता कोठेच नाही. उडवण्याच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले लोक जमिनीवरच्या मायक्रोफोनविषयी एवढे बेफिकीर कसे राहतात, हे मला उमगलेले नाही. ज्यांना भाषणे महत्त्वाची आहेत त्यांनी ध्वनीसाठी वेगळा माणूस ठेवावा.

दोन दिवसांचा दर अठरा हजार रुपये होता, त्यात विमा धरलेला आहे की नाही हे आधी स्पष्ट नव्हते आणि शेवटी तो वेगळा लावला गेला. एकूण १९,४०० रुपये झाले. ही रक्कम मला जास्त वाटली नाही. पाचपैकी आकाशातील कामाला आणि त्याआधीच्या चौकशीला मी साडेचार देईन, संकलनाला अडीच, ध्वनीला काहीच नाही. पुढील मेळावा आवारातच आणि ड्रोनसह व्हावा असा आग्रह काही जणांचा अजूनही आहे, म्हणून परवानगीच्या अर्जासोबत जोडायचे आराखडे, उड्डाणाची वेळ, उंची आणि वसतिगृहे वगळणारी हद्द, या वेळी चार महिने आधीच तयार करायला आम्ही त्याच भावांना सांगितले आहे. थोरल्याने त्यासाठी वेगळे दोन हजार मागितले. मी दिले, आणि पावतीवर "परवानगी न मिळाल्यास रक्कम परत नाही" असे त्याच्याकडूनच स्पष्ट लिहून घेतले.